आईच जेव्हा कोंडून ठेवते : 'रन' आणि त्या जातीचे पिक्चर-सिरीज (सगळं फोडलेलं आहे, जपून वाचा)

निशिगंधा_प :

परवा रात्री 'रन' दुसऱ्यांदा बघितला. पहिल्यांदा बघितला तेव्हा लॉकडाऊनचे दिवस होते, सगळेच घरात अडकलेले, तेव्हा नुसती भीती वाटली होती. या वेळी थांबवून थांबवून, मागे नेऊन बघितला आणि दोन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या, कारण मी शेवटसुद्धा सांगणार आहे.

गोष्ट अशी. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात वस्तीपासून लांब एक घर. डायन ही आई आणि क्लोई ही १७ वर्षांची मुलगी, दोघीच. मुलीला दमा, डायबिटीस, हृदयाचे ठोके अनियमित, शरीरात लोह साठायचा आजार आणि पायात ताकद नाही म्हणून व्हीलचेअर. शाळा घरीच, आईच शिकवते. मुलगी प्रचंड हुशार आहे, सोल्डरिंग वगैरे स्वतः करते, आणि कॉलेजच्या अ‍ॅडमिशनच्या पत्राची वाट बघतेय. पोस्टमनची गाडी वाजली की ती व्हीलचेअर फिरवत दाराकडे निघते आणि दर वेळी आई तिच्या आधी पोचलेली असते. एवढंच. यात भांडण नाही, आरडाओरडा नाही, आई हसतमुख, गोड बोलणारी, मुलीसाठी रात्रंदिवस राबणारी. शेजारीपाजारी असते तर म्हणाले असते की काय नशीब काढलंय पोरीने.

मग एक दिवस वाणसामानाच्या पिशवीत चॉकलेट शोधताना तिला एक औषधाची बाटली दिसते. हिरव्या गोळ्या. वर नाव आईचं. आणि संध्याकाळी तीच हिरवी गोळी तिच्या हातावर ठेवली जाते. ती विचारते तर आई म्हणते की तू पावती बघितलीस, पिशवीवर माझं नाव असतं. नंतर ती बाटली हातात येते तेव्हा तिच्यावर क्लोईचं नाव असतं, पण नखाने कोपरा खरवडल्यावर लेबलखाली दुसरं लेबल. मी तिथे पॉज केलं. अंगावर काटा आला खरंच. त्यात नुसता संशय खरा ठरत नाही, आपल्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं ठरवायला कोणीतरी बसून, कडा नीट जुळवून, ते लेबल चिकटवलंय हे कळतं. आणि ते कोणीतरी म्हणजे आई.

मला या सगळ्या प्रकारच्या गोष्टींत हेच सगळ्यात भयानक वाटतं. कुलूप नंतर येतं. आधी सेवा येते. गरम जेवण, वेळेवर गोळी, अंगावर पांघरूण, 'तुला नाही झेपायचं गं'. कोंडलेल्या माणसाला आपण कोंडलेलो आहोत हे कळायलाच १७ वर्षं लागतात, कारण कोंडणारी व्यक्ती रोज रात्री पाय चेपून देते.

तुम्ही कोणी बघितलाय का? आणि या जातीचं अजून काय चांगलं आहे?

रानवारा :

बघितलाय!! तो छपरावरचा सीन!!! खोलीचं दार बाहेरून बंद, पायात जोर नाही, आणि ती पोरगी खिडकीतून छपरावर उतरून नुसत्या कोपरांवर सरपटत दुसऱ्या खोलीच्या खिडकीपर्यंत जाते, तोंडात पाणी भरून घेतलेलं, तापलेली सोल्डरिंग गन काचेला टेकवते आणि तोंडातलं पाणी फुर्रकन मारते की काच तडकते. मी श्वास घेत नव्हतो तेवढा वेळ. दहावीच्या विज्ञानाचा इतका चांगला उपयोग मी कुठल्याच पिक्चरमध्ये बघितला नाही.

दवादुकानी :

माझं मेडिकल आहे, २२ वर्षं काउंटरला उभा आहे, त्यामुळे मला हा पिक्चर वेगळाच दिसला. पहिलं सांगतो, त्यातली औषधांची नावं बनवलेली आहेत. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध खरं आहे, लिडोकेन ही बधिर करायची गोष्ट खरी आहे, त्यावरून बेतलेली वाटावीत अशी दोन नावं पिक्चरवाल्यांनी तयार केली आहेत. तेव्हा कोणी गूगल करून घाबरू नका.

ते लेबलाचं निशिगंधाताईंनी बरोबर पकडलंय. अमेरिकेत गोळ्या मोजून बाटलीत भरून देतात आणि पेशंटचं नाव असलेलं लेबल दुकानातून लागून येतं, त्यामुळे त्या लेबलवर सगळा भरवसा. आपल्याकडे स्ट्रिप असते, नाव पत्र्यावर छापलेलं. लोक म्हणतील मग आपल्याकडे असं होणार नाही. पण आमच्याकडे रोज कोणीतरी कापलेला तुकडा घेऊन येतं, चार गोळ्यांचा, नावाचा भाग गेलेला, एक्सपायरी गेलेली, आणि म्हणतं 'ही द्या, आई घेते'. काय आहे ते आईला माहीत नसतं, देणाऱ्याला माहीत असतं असं तिला वाटतं. घरात गोळ्या एकाच माणसाच्या हातात असल्या की बाकीचे डोळे मिटून तोंड उघडतात.

आणि तो फार्मसीचा सीन. आईबरोबर थिएटरात आलेली मुलगी बाथरूमला जाते म्हणून सटकते, रस्ता ओलांडून दुकानात शिरते, रांग आहे, वेळ नाही, आणि काउंटरवरच्या बाईंना नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या औषधाची माहिती द्यायची नाही. हा एक खेळ चाललाय अशी थाप मुलगी मारते तेव्हा कुठे त्या सांगतात की अगं हे तर कुत्र्यांचं औषध आहे, पाय दुखत असले की देतात. माणसाने घेतलं तर काय होईल? पाय बधिर होतील. मी त्या बाईंच्या जागी असतो तर काय केलं असतं हा विचार मी खूप वेळ केला. त्यांनी नियम पाळला असता तर ती मुलगी मेलीच होती.

स्नेहल_चाकं :

मी पोलिओमुळे लहानपणापासून कॅलिपर आणि आता जास्त करून व्हीलचेअर वापरते, म्हणून या पिक्चरबद्दल दोन गोष्टी लिहायच्या होत्या.

क्लोईचं काम केलेली किएरा अ‍ॅलन खऱ्या आयुष्यात व्हीलचेअर वापरते. हे फार फार दुर्मीळ आहे. १९४८ मध्ये सुझन पीटर्स या अभिनेत्रीने 'द साइन ऑफ द रॅम'मध्ये काम केलं होतं, तीही अपघातानंतर व्हीलचेअरवर होती, आणि त्यानंतर थ्रिलरमध्ये मुख्य भूमिकेत व्हीलचेअर वापरणारी नटी बघायला आम्हाला २०२० उजाडावं लागलं. मधली ७० वर्षं धडधाकट लोक खुर्चीत बसून बक्षिसं घेत होते. फरक कुठे दिसतो सांगू? ती खुर्चीतून जमिनीवर उतरते तेव्हा हात कुठे टेकते ते बघा. शिकवून येत नाही ते.

दुसरं म्हणजे तुम्हाला छपराचा सीन आठवतो, मला जिन्याचा. त्यांच्या घरात जिन्याच्या कठड्याला लावलेली सरकती खुर्ची आहे, तिच्यावर बसून ती वरखाली करते. आई त्या खुर्चीची वायर कापून ठेवते. बास, एक वायर. चालणाऱ्या माणसाला त्यात काही वाटणार नाही पण मला तो सीन बघताना पोटात गोळा आला, कारण माझ्या घरात रॅम्प आहे आणि तो कोणी उचलून ठेवला तर मी त्याच क्षणी कैदी आहे, दाराला कडी घालायचीसुद्धा गरज नाही. ज्याच्या हातात तुमची खुर्ची त्याच्या हातात तुम्ही. माझे आईवडील देवमाणसं, तरी हे खरं आहे.

मंदार_डोंबिवली :

चांगला धागा. थोडी माहितीची भर. दिग्दर्शक अनीश चागंटी हा भारतीय वंशाचा अमेरिकन, त्याचा आधीचा 'सर्चिंग' (२०१८) पूर्ण लॅपटॉप आणि मोबाईलच्या स्क्रीनवर घडतो, आणि मग याने मुद्दाम उलटं केलं, इंटरनेट तोडलेल्या घरात गोष्ट ठेवली. 'रन' मे २०२० मध्ये मदर्स डेच्या सुमारास थिएटरात यायचा होता, कोविडमुळे राहिला, नोव्हेंबर २०२० ला हुलू या ओटीटीवर आला. आईचं काम सारा पॉलसनचं.

ज्यांना हे अतिरंजित वाटतंय त्यांनी जिप्सी रोज ब्लँचर्डची खरी केस वाचा. अमेरिकेत मिझुरी राज्यात स्प्रिंगफील्ड. आई डी डी, मुलगी जिप्सी. ल्युकेमिया, स्नायूंचा आजार, फिट्स, सगळं आईने सांगितलेलं. व्हीलचेअर, पोटात फीडिंग ट्यूब, डोक्याचे केस भादरलेले, वयसुद्धा कमी करून सांगितलेलं. मुलगी व्यवस्थित चालू शकत होती. जुन्या मेडिकल फाइल्स मागितल्या की आई सांगायची की कॅटरिना वादळात गेल्या. लोकांनी देणग्या दिल्या, संस्थेने घर बांधून दिलं, रॅम्पसकट. एका न्यूरॉलॉजिस्टला संशय आला होता आणि त्याने फाइलमध्ये लिहूनही ठेवलं होतं, पुढे काहीच झालं नाही. जून २०१५ मध्ये आईचा खून झाला, मुलीच्या ऑनलाइन बॉयफ्रेंडने केला, मुलीच्या सांगण्यावरून. त्याला जन्मठेप, तिला १० वर्षं, आणि २०२३ च्या डिसेंबरात ती सुटली. यावर 'द अ‍ॅक्ट' ही ८ भागांची सिरीज आहे (२०१९), पॅट्रिशिया आर्केटला आईच्या कामासाठी एमी हे टीव्हीचं बक्षीस मिळालं. बघाच. पण बघताना लक्षात ठेवा की जिप्सी खरी आहे आणि अजून जिवंत आहे, तिचा ट्विस्ट करू नका डोक्यात.

आरोही_आई :

मी इथे सहसा लिहीत नाही. वाचून राहवलं नाही.

माझी मुलगी ११ वर्षांची आहे, तिला सहाव्या वर्षापासून टाइप वन डायबिटीस आहे. म्हणजे मी तीच आई आहे जी रात्री ३ ला उठून झोपलेल्या पोरीचं बोट टोचते. मी तीच आई आहे जी वाढदिवसाला केकचा तुकडा मोजते. शाळेच्या सहलीला मागच्या सीटवर जाऊन बसले आहे मी, बाकीच्या मुलींसमोर. 'रन'मध्ये सुरुवातीला क्लोई सकाळी उठून शुगर बघते, इन्सुलिन घेते, गोळ्या घेते, ते सगळं आमच्या घरातलं आहे. आणि मग अर्ध्या तासाने मला सांगितलं जातं की ही आई राक्षस आहे. मी पिक्चर बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मला माहितीये की मी तसली नाही. माझ्या मुलीचा आजार रिपोर्टात आहे. पण मंदार, तुम्ही सांगितलेली केस वाचल्यावर लोक आमच्याकडे कसं बघतात ते तुम्हाला माहीत नाही. एका मोठ्या दवाखान्यात नव्या डॉक्टरांनी मला 'तुम्ही बाहेर थांबा, मी तिच्याशी एकटीशी बोलतो' म्हटलं तेव्हा मला रडू आलं होतं. नंतर समजलं की तो नियमच आहे आणि चांगला नियम आहे. पण ती १० मिनिटं मी बाकावर बसून हाच विचार करत होते की ती आत काय सांगत असेल माझ्याबद्दल.

मंदार_डोंबिवली :

आरोहीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या बाजूने बोलणारा एक इतिहास आहे तो सांगतो. या प्रकाराला 'मुन्चाउसेन बाय प्रॉक्सी' हे नाव दिलं रॉय मेडो या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने, १९७७ मध्ये. स्वतः आजाराचं सोंग घेणाऱ्यांसाठी 'मुन्चाउसेन' हे नाव १९५१ पासून होतंच, याने ते मुलांवर लादणाऱ्या पालकांसाठी वापरलं. शोध खरा होता, मुलं वाचली त्यामुळे. पण हाच मेडो १९९९ मध्ये सॅली क्लार्क या आईच्या खटल्यात साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला की एका घरात दोन बाळं आपोआप दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. ते गणितच चूक होतं. तिला जन्मठेप झाली. २००३ मध्ये निर्दोष सुटली, २००७ मध्ये वारली. म्हणजे एकदा आईवर संशय घ्यायची सवय लागली की तीही माणसं मारते.

दवादुकानी :

आरोहीताई, माझ्याकडे टाइप वनची चार मुलं येतात, त्यांच्या आया कशा जगतात ते मी बघतो. तुम्ही पिक्चर बंद केलात ते बरोबर केलंत.

एकच विचारतो, मुलीला इन्सुलिनचा डोस काढता येतो का आता?

आरोही_आई :

हो. गेल्या वर्षीपासून शिकवतेय. एका पोळीला आम्ही साधारण १५ ग्रॅम कार्ब धरतो, भात वाटीने, आमटीचं वेगळं. आता ती पानात वाढलं की माझ्याकडे न बघता पुटपुटत बेरीज करते. परवा तिने सांगितलं की आई तू श्रीखंड धरायला विसरलीस. मी खरंच विसरले होते.

केतकी४१ :

माझं थोडं वेगळं आहे, यात औषधं नाहीत, पण निशिगंधाने 'आधी सेवा येते' लिहिलंय ते वाचून लिहावंसं वाटलं.

मी बारावीनंतर कोल्हापूरहून पुण्याला जाणार होते. अ‍ॅडमिशन झाली होती, हॉस्टेलचं पत्र आलं होतं, नवी बॅग आणली होती बाबांनी. आई काही बोलली नाही. नुसती जेवली नाही. म्हणजे सगळ्यांना वाढलं, माझ्या आवडीची भरली वांगी केली, आणि स्वतःचं ताट वाढून त्याच्यावर दुसरं ताट झाकून ओट्यावर ठेवलं. रात्री ते ताट तसंच. दुसऱ्या दिवशी दुपारी नवं ताट, झाकलेलं. विचारलं तर 'भूक नाही गं, तू जा हो, माझं काय'. तिसऱ्या दिवशी मी बॅग रिकामी केली. संध्याकाळी आई जेवली, आणि माझ्या केसांना तेल लावून दिलं, गुणगुणत.

मी ४१ वर्षांची आहे, आई गेल्याला चार वर्षं झाली, मला तिची रोज आठवण येते आणि ओट्यावर झाकलेलं ताट दिसलं की आजही छातीत धडधडतं. दोन्ही खरं आहे. म्हणून मला 'रन'पेक्षा 'ब्लॅक स्वान' जास्त लागला. त्यात मुलीला बॅलेत मोठी भूमिका मिळते म्हणून आई भलामोठा केक आणते, मुलगी म्हणते माझं पोट बिघडलंय, छोटा तुकडा दे, तर आईचा चेहरा एका सेकंदात बदलतो आणि ती अख्खा केक कचऱ्यात टाकायला निघते. आणि मुलगी लगेच सॉरी सॉरी करून तोंड उघडते, आईच्या बोटावरचं क्रीम चाटते. लोकांना त्या पिक्चरमधली पिसं आणि रक्त आठवतं. मला तो केक. ते ताटच आहे.

निशिगंधा_प :

केतकी... काय लिहू कळत नाहीये. तू लिहिलंस म्हणून थँक यू.

तुझ्यामुळे माझा मुद्दा मला जास्त नीट कळला. 'रन' पहिला तासभर अप्रतिम आहे आणि मग घसरतो, असं मला या वेळी वाटलं. तळघरात जुने फोटो सापडतात ज्यात ती लहानपणी उभी आहे, चालतेय, आणि खऱ्या क्लोईच्या मृत्यूचा दाखला सापडतो, म्हणजे ही मुलगी हॉस्पिटलमधून चोरलेली. तिथे मला वाईट वाटलं. कारण 'ती तिची खरी आई नव्हतीच' म्हटलं की आपली सगळ्यांची सुटका होते ना? म्हणजे खरी आई असं करणार नाही, चोरणारी बाई करेल. रपुन्झेलमध्ये पण तेच, मनोऱ्यात कोंडणारी आई चेटकीण निघते. केतकीच्या आईला असली पळवाट नाही. जिप्सीच्या आईलाही नव्हती, ती सख्खी होती.

रानवारा :

हे पटलं एकदम. यासाठी 'शार्प ऑब्जेक्ट्स' बघा, एचबीओची २०१८ ची, ८ भाग. एमी अ‍ॅडम्स पत्रकार आहे, खुनांची बातमी करायला स्वतःच्या गावी येते, गावात तिच्या आईचा दरारा, पॅट्रिशिया क्लार्कसनने केलंय आईचं काम, आवाज चढवत नाही कुठे. सख्खी आई, तीन मुली, मधली लहानपणीच आजारी पडून गेलेली. धाकटीचं नाव अ‍ॅमा, मला पूर्ण सिरीजभर तो उच्चार 'अम्मा' ऐकू येत होता आणि विचित्र वाटत होतं. शेवटच्या भागात मोठीला सगळं कळलेलं असतं, आई बाटलीतून काय पाजते ते माहीत असतं, आणि तरी ती धाकटीला वाचवायला स्वतः आजारी असल्याचं दाखवून पलंगावर झोपते आणि ते पिते. आई इतकी खूश होते! आयुष्यभर जिने आईला जवळ येऊ दिलं नाही ती मुलगी शेवटी औषध घेते. आणि त्या क्षणी मोठीच्या चेहऱ्यावर भीतीबरोबर थोडं सुखही दिसतं, ते मी विसरू शकत नाही.

स्नेहल_चाकं :

'रन'च्या शेवटाबद्दल कोणीच बोललं नाही. ७ वर्षांनी क्लोई तुरुंगातल्या दवाखान्यात आईला भेटायला जाते, काठीच्या आधाराने थोडं चालते, स्वतःचा संसार आहे, छान गप्पा मारते, आणि मग तोंडात लपवून आणलेल्या त्याच हिरव्या गोळ्या काढून आईला म्हणते आता तोंड उघड. थिएटरात टाळ्या पडाव्यात असा शेवट आहे. मी नाही टाळी वाजवली. मला वाटलं ती अजून त्याच घरात आहे. तुम्हाला काय वाटलं?

दवादुकानी :

मला वाटलं गोळ्या कोणाच्या हातात आहेत तेवढं बदललं. बाकी काही नाही.

रानवारा :

मी मात्र खूश झालो होतो खरं सांगतो. इतकी वर्षं पाय काढून घेतले हो तिचे.

आरोही_आई :

मी पिक्चर पूर्ण केलेला नाही आणि करणार नाही. पण रपुन्झेलचा विषय निघाला म्हणून काल रात्री लेकीबरोबर डिस्नेचा 'टँगल्ड' लावला, आधी बघितलेला आहे तिने. त्यात ती म्हातारी रपुन्झेलला सांगते की आज तुझ्या आवडीचं हेझलनटचं सूप करणार आहे. माझी पोरगी म्हणाली, आई, ती वाईट आहे ना? मग तिला हिच्या आवडीचं सूप लक्षात कसं राहतं?

मी पॉज केलं. काही सुचलं नाही. 'उद्या सांगते' म्हटलं आणि तिची शुगर बघायला उठले तर ती म्हणाली, मी बघितली मगाशीच, १२४ आहे.

आज संध्याकाळी शाळेतून आली की ती विचारणार आहे. कोणाला सुचलं तर लिहा.